पडवीपुढे डेक बांधताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणातल्या माणसाला 'डेक' हा शब्द नवा नाही. पूर्वी मुंबईहून बोटीनं येणारा चाकरमानी डेकवर बसूनच यायचा. स्वस्त तिकीट आणि वर आभाळ. हल्ली हाच शब्द दुसऱ्या वाटेनं घरात शिरला आहे. परदेशातल्या मुलीकडे सहा महिने राहून आलेली माणसं तिच्या घरामागच्या डेकचे फोटो दाखवतात, पुण्या-मुंबईच्या बंगल्यांच्या जाहिरातींत तो दिसतो, आणि मग गावच्या घरापुढे आपणही एक करावा असं मनात येतं. आमच्याकडे वरंधलाही डेक करायचं ठरलं, पण कारण वेगळं होतं.

वरंध हे महाडहून भोरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, घाटाच्या पायथ्याचं गाव. आमचं घर उतारावर. पडवी अंगणापासून साडेतीन फूट उंच, खाली उतरायला चिऱ्याच्या पाच पायऱ्या. माझ्या वहिनींचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. पडवीपर्यंत त्या काठी टेकत येतात आणि तिथून पुढचं सगळं जग नुसतं बघतात. पुतण्या म्हणाला, "काका, पडवीच्याच पातळीला पुढे एक मोकळी जागा झाली, तर आई उन्हात तरी बसेल." मी नोकरीची बत्तीस वर्षं रस्ते-पुलांच्या कामांवर काढलेला माणूस. त्यामुळे हिशेबाची वही माझ्याकडे आली.

आपल्याकडे यावर सोपा उपाय ठरलेला असतो. पुढे चिऱ्याची भिंत घालायची, आत मुरूम भरायचा आणि वर शहाबादी फरशी. पण तो मुरूम येतो कुठून? बहुतेक वेळा घराच्या पाठीमागचा डोंगर कापून. म्हणजे पुढची जागा वाढते आणि मागच्या उताराचा पाय मोडतो. २२ जुलै २०२१ रोजी आमच्याच महाड तालुक्यात तळिये गावी दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिथल्या डोंगराची कारणमीमांसा मी इथे करत नाही. पण त्या दिवसानंतर घरामागच्या उताराला कुदळ लावायची आमची तयारी नव्हती. खांबांवर उभा राहणारा डेक असेल तर आठ लहान खड्डे पुरतात, भराव लागत नाही, आणि उतारावरून येणारं पाणी खालून आपल्या वाटेनं निघून जातं. मला डेक पटला तो या कारणासाठी.

मग प्रश्न आला फळीचा. जुन्या घरांत साग, ऐन, किंजळ भरपूर वापरलेलं दिसतं, पण नीट पाहिलंत तर ते सगळं छपराखाली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात आपल्या जुन्या सुतारांनी लाकूड उघड्यावर टाकलं नाही. उघड्यावर चिरा आणि शेणानं सारवलेलं अंगण. पावसाळ्यात तर पडवीलाही बाहेरून झाप लावायचे. तेव्हा उघड्यावरची लाकडी जमीन ही आपली परंपरा नव्हे. ती करायची तर दर वर्षी तेलपाणी करणारा माणूस घरात हवा. आमच्या घरात तो नाही.

राहिली कॉम्पोझिट फळी. लाकडाचा भुसा किंवा भाताचा तूस प्लॅस्टिकमध्ये मिसळून, तापवून, साच्यातून काढलेली. अमेरिकेत १९९०च्या दशकात ती जोरात आली. तिथे आर्सेनिकयुक्त औषध मुरवलेलं लाकूड घरगुती कामासाठी २००३ अखेर बंद झालं, तेव्हा ती आणखी पसरली. वाळवी तिला सहसा शिवत नाही, रंग द्यावा लागत नाही. हे झाले गुण. पण आपल्या बाजारात एक घोळ आहे. दुकानात 'डब्ल्यूपीसी' म्हणून मागितलंत की पुष्कळदा स्वयंपाकघरातल्या कपाटांचा, दाराच्या चौकटीचा फोमचा बोर्ड पुढे येतो. तो डेकचा नव्हे. डेकची फळी वेगळी, जड, वरून खाचा पाडलेली. तिच्यातही पोकळ आणि भरीव असे प्रकार आहेत, शिवाय साधी आणि चारही बाजूंनी प्लॅस्टिकचं पातळ कवच चढवलेली असाही भेद आहे. पोकळ फळी स्वस्त पडते. पण तिची तोंडं टोपण लावून बंद केली नाहीत तर आत पाणी राहतं, आणि कोकणात पाण्याआधी गांधीलमाश्या राहायला येतात.

आम्ही तीन दुकानांतून वीतभर तुकडे आणले. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं, आठवडाभर बादलीत बुडवून ठेवले आणि पुसून परत वजन केलं. एक तुकडा बघण्याइतका जड झाला, तो बाद. उरलेले दोन एप्रिलच्या दुपारी पत्र्यावर ठेवले आणि वहिनींना अनवाणी पाय टेकायला सांगितलं. गडद चॉकलेटी रंगावर त्यांनी पाय क्षणभरही ठेवला नाही. फिकट राखाडी त्यातल्या त्यात बरा. मग त्यावर साबणाचं पाणी ओतून मी स्वतः पाय घासून पाहिला. चोपड्या फळीपेक्षा ब्रश मारल्यासारखी खरखरीत फळी पावसात बरी. कॅटलॉगमधल्या चित्रांपेक्षा हे तीन खेळ मला जास्त उपयोगी पडले.

आता खर्च. पुण्याच्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं, ३४० रुपये चौरस फूट, फिटिंगसकट. पुतण्यानं वीस बाय बाराचा हिशेब केला आणि म्हणाला, ब्याऐंशी हजारांत काम! मी विचारलं, फळ्या कशावर बसणार? दुकानदाराच्या 'फिटिंगसकट'मध्ये खालचा सांगाडा नव्हता, पाया नव्हता, कठडा नव्हता, वाहतूक नव्हती आणि जीएसटीही नव्हता. यात फसवणूक नाही. त्यानं फळ्यांचा भाव विचारला, फळ्यांचा भाव सांगितला गेला.

आमच्या हाताशी दोन लाख वीस हजार होते. सगळं मोजलं तेव्हा वीस बाय बारा हाताबाहेर गेलं. अशा वेळी माणसं सांगाड्याचा पाइप बारीक करतात. आम्ही डेक लहान केला. तोही फळीकडे बघून. आम्हाला पसंत पडलेली फळी २.९ मीटर लांब येते, म्हणजे साधारण साडेनऊ फूट. दहा फूट रुंदी धरली तर प्रत्येक ओळीत अर्ध्या फुटाचं ठिगळ लागतं आणि जोडाखाली जादा आधार द्यावा लागतो. म्हणून डेक सोळा बाय साडेनऊ केला. १५२ चौरस फूट, आणि लांबीत कुठेच जोड नाही. फळ्या घराकडून बाहेरच्या दिशेनं टाकल्या, म्हणजे खाचांतलं पाणीही बाहेर जातं.

आकडे सांगतो. ते आमच्या कामाचे आहेत, बाजाराचा दर म्हणून धरू नका. फळ्या, क्लिपा आणि बसवणूक ५२ हजार. झिंक चढवलेल्या लोखंडी पाइपचा सांगाडा, सहाशे किलोच्या आसपास, ७२ हजार. आठ पाये २४ हजार. पस्तीस फूट कठडा साडेएकतीस हजार. वाहतूक नऊ, फळ्यांवरचा कर साडेनऊ. पडवीच्या पागोळ्या नेमक्या डेकच्या पहिल्या दोन फुटांवर पडणार होत्या, म्हणून आधी पन्हळ लावली, तिचे साडेसहा. एकूण दोन लाख साडेचार हजार. बाकीचे पंधरा-साडेपंधरा हजार अडीअडचणीला. म्हणजे ज्या फळीसाठी आपण चार महिने रंग निवडतो, ती खर्चाचा फक्त चौथा हिस्सा आहे.

डेक वरून जुना होत नाही, तो खालून जातो. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एका इमारतीची चौथ्या मजल्यावरची बाल्कनी तुटली आणि सहा तरुण मुलं गेली. आतली लाकडी बहालं पाणी मुरून कुजली होती, वरून काही दिसत नव्हतं. आमचा डेक साडेतीन फुटांवरच आहे. पण गणपतीत आरतीला त्यावर तीस-चाळीस माणसं उभी राहणार. घराच्या बाल्कनीसाठी भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो भार धरायला सांगतं. या हिशेबानं आमच्या डेकला सव्वाचार टन पेलायचे आहेत. कॉम्पोझिट फळी स्वतः भार पेलायला केलेली नसते, लांब अंतरावर ती हळूहळू झोल खाते. खालचे आडवे पाइप किती अंतरावर हवेत ते कारखान्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आमच्या फळीला ते एक फूट होतं. दीड फूट चालेल असं सांगणारे दोघे भेटले. त्यांना चहा पाजून निरोप दिला.

यावरून कारागिराचा विषय निघतो. आपल्याकडे डेक बसवणाऱ्याचा असा वेगळा परवाना नाही. सुतार म्हणतो फळी माझं काम, फॅब्रिकेटर म्हणतो लोखंड माझं, गवंडी म्हणतो पाया माझा, आणि तिघांच्या मधलं पाणी कोणाचंच नाही. मग लायक माणूस ओळखायचा कसा? त्याचं नवं काम बघू नका. दोन पावसाळे खाल्लेलं काम बघा, आणि तेही खाली वाकून, बॅटरी घेऊन. वेल्डिंग केलेल्या जागी झिंक जळून जातं, तिथे परत झिंकचा रंग मारला आहे का? स्क्रू स्टेनलेस आहेत का? फळी आणि भिंत यांच्यात फट सोडली आहे का? ही फळी उन्हात वाढते. साडेनऊ फुटांची फळी पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत तीन-चार मिलिमीटर लांब होते. फट नसेल तर ती कुठे जाणार? फुगून वर येणार.

आम्ही तिघांना जागा दाखवली. पहिल्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. दुसऱ्यानं मोजमापाआधीच आगाऊ रक्कम सांगितली. तिसरा बिरवाडीचा मिस्त्री, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेला. त्यानं पडवीच्या जोत्यावर बोटानं टकटक केलं. "काका, हे जोतं मातीतल्या बांधणीचं दिसतंय. याला बोल्ट मारून चालणार नाही. डेक आपल्या पायावर वेगळा उभा करू, इंचभर अंतर ठेवून. आणि पाणी कुठं काढायचं ते आधी ठरवा, फळी मग बघू." मी पुतण्याकडे पाहिलं. काम त्यालाच दिलं. त्याचा दर पहिल्यापेक्षा अकरा हजारांनी जास्त होता.

पुतण्याची आणखी एक इच्छा होती, डेकवर पत्र्याची शेड. मिस्त्रीनंच ती मोडून काढली. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. शेड घालायची तर वारा ती वर उचलतो, त्याला धरून ठेवणारे पाये निराळे लागतात. आमचे आठ पाये त्यासाठी नव्हते.

वेळेचंही सांगतो. पावसाळ्यात वरंध घाट जड वाहनांना आणि काही वेळा सगळ्याच वाहनांना बंद असतो. माल पुण्याहून येणार असेल तर तो मे उजाडायच्या आत दारात हवा. आणि पहिल्या पावसाआधी निदान पाये आणि सांगाडा पुरा व्हायला हवा.

पैशाचे टप्पे आम्ही कागदावर लिहिले. पाये झाल्यावर इतके, सांगाडा रंगवून झाल्यावर, पण फळी टाकण्याआधी, मी खाली शिरून पाहिल्यावर इतके, फळ्या-कठडा झाल्यावर इतके. दहा टक्के मात्र भर पावसानंतर. मिस्त्री हसून म्हणाला, "काका, सरकारी कामासारखं करताय." पण कबूल झाला.

काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. वहिनींनी कठड्याला रेलून पहिल्यांदा शेजारणीशी अंगणाच्या पातळीवरून नव्हे, पण निदान उघड्यावरून गप्पा मारल्या. पावसात फळीवर धूळ आणि आंब्याचा पाला कुजून शेवाळ धरतं हे खरं आहे, ते कडक खराट्यानं आठवड्याला काढावं लागतं. फटींत अडकलेली पानंही काढायला हवीत. एवढी निगा मात्र चुकत नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी, सतत आठ दिवस पाऊस लागलेला असताना, मिस्त्री रेनकोट घालून आला. डेकखाली शिरला, बॅटरी फिरवली, दोन क्लिपा घट्ट केल्या, एका वेल्डवर परत झिंकचा हात मारायला पाऊस थांबल्यावर येतो म्हणाला. आला, हात मारला, आणि उरलेले पैसे घेऊन गेला.