जनुक तेच, आजार निराळा



एकाच घरातील दोन भावंडांना एकच आजार असतो. एक वारंवार अंथरूण धरतो, दुसरा नियमित शाळेत येतो. आपण त्यास नशीब म्हणून मोकळे होतो. विज्ञान मात्र कारण शोधते.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा तोच संच असतो. त्यांत प्रथिने घडविणारी जनुकेच सुमारे २०,००० आहेत. परंतु पुस्तक कपाटात असणे निराळे आणि ते उघडून वाचले जाणे निराळे! कोणते जनुक केव्हा व किती वाचले जाते, यास जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल आजारच पाहा. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य दुखतात. तरीही असे मूल जन्मतः सुदृढ दिसते. १९४८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी सुचविले की, गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन त्याचे रक्षण करीत असावे. पुढे ते खरे ठरले. जन्मानंतर काही महिन्यांत ते पुस्तक मिटत जाते. ज्यांच्यात ते पुरते मिटत नाही, त्यांना त्रास बहुधा कमी होतो. भारतातील व पूर्व सौदी अरेबियातील अनेक रुग्णांत हे हिमोग्लोबिन अधिक आढळते. तथापि आपल्याकडेही तीव्र त्रासाचे रुग्ण आहेतच.

हे पुस्तक मिटविण्यात ‘बीसीएल११ए’ या प्रथिनाचा मोठा हात आहे, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. त्याच आधारावरील जनुकोपचारास २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. त्याचा खर्च सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषधही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

पालकहो, असे मूल लवकर दमते, त्याची गैरहजेरी वाढते. त्यास आळशी म्हणू नका. वर्गात पाणी पिण्यास अडवू नका. हा आजार आई व वडील दोघांकडून येतो, म्हणून एकट्या सुनेस बोल लावणे अन्यायाचे आहे. वाहक म्हणजे रोगी नव्हे. मात्र दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजाराचा संभव चारात एक असतो. तेव्हा सोयरीक ठरविण्यापूर्वी रक्त तपासून घ्या.