पिवळ्या कागदाचा माणूस



आवडत्या पुस्तकावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मी व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' निवडली. ही १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीची कादंबरी आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिच्यात येतं ते जून १८३२ चं पॅरिसमधलं बंड. ते दोन दिवसांत चिरडलं गेलं. हरलेल्यांची ही गोष्ट १८६२ पासून लोकांच्या मनातून उतरलेली नाही. सोहराब मोदींनी १९५५ साली तिच्यावरून 'कुंदन' काढला. १९८५ साली लंडनमध्ये संगीतिका आली, तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली. प्रेक्षकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतली.

एवढं प्रेम का? माझ्या मते, वाचणाऱ्या प्रत्येकाला आपणच झां व्हालझां आहोत असं वाटतं. बहिणीच्या सात मुलांसाठी पाव चोरणारा आणि त्यापायी, पळून जाण्याचे प्रयत्न धरून, एकोणीस वर्षं सक्तमजुरी भोगणारा.

पण हे प्रेम सोयीचंही असू शकतं. अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सैनिकांना ही कादंबरी फार प्रिय होती. जनरल ली यांच्या नावावर कोटी करून ते स्वतःला 'लीज मिझरेबल्स' म्हणवून घेत. ज्या ह्यूगोने १८५९ साली जॉन ब्राउनची फाशी टळावी म्हणून अमेरिकेला जाहीर पत्र लिहिलं, त्याचंच हे पुस्तक! रिचमंडच्या प्रकाशकाने आपल्या आवृत्तीतून गुलामगिरीविरोधी मजकूर काढून टाकला होता. आमच्या प्रयोगशाळेत कुणी आलेखातले नकोसे बिंदू असे पुसले, तर त्याचा निबंध परत पाठवतात. वाचकाला मात्र कुणी परत पाठवत नाही.

म्हणून आपण कोणते बिंदू पुसतो, ते पाहू या. सुटलेल्या व्हालझांला पिवळा परवाना मिळतो. तो दाखवला की खाणावळीत जेवण नाही, झोपायला जागा नाही. शिक्षा संपली, कागद संपत नाही. कादंबरीनंतर नऊच वर्षांनी, १८७१ साली, इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला. इथे तर काही जमातींना हा कागद जन्मतःच मिळाला! पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. १९५२ साली देशभरातून रद्द झाला. पण 'पारधी' शब्द ऐकताच पोलिसाची, आणि पुष्कळदा आपलीही, भुवई अजून वर जाते.

आपण राहतो त्या अमेरिकेत हा कागद नोकरीच्या अर्जावरच्या एका चौकटीत बसतो : 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?' हवाईने १९९८ साली त्या प्रश्नावर पहिलं राज्यपातळीवरचं बंधन घातलं. कॅलिफोर्नियात २०१८ पासून बहुतेक मालकांना नोकरी देऊ करण्याआधी तो विचारता येत नाही. उमेदवाराला आधी माणूस म्हणून भेटा, एवढीच त्यामागची मागणी आहे.

आणि भेटणार कोण? आपणच. आपल्यापैकी बरेच जण निवड समित्यांवर बसतात. आपण नियम पाळून, परीक्षा देऊन, व्हिसाचे अर्ज बिनचूक भरून इथवर आलो. कागद चोख असणं म्हणजेच माणूस चोख असणं, हे आपल्या हाडीमाशी खिळलं आहे. कादंबरीत असा एक माणूस आहे : इन्स्पेक्टर झावेर. तो लाच खात नाही, कामात कुचराई करत नाही. एकदाचा चोर तो कायमचा चोर, एवढीच त्याची श्रद्धा. व्हालझांसाठी डोळे पुसताना मला हल्ली झावेरचीच भीती जास्त वाटते, कारण तो फार ओळखीचा आहे.

पुस्तकावरचं प्रेम सोडू नका. फक्त पुढच्या वेळी एखादा अर्ज बाजूला सारताना हात क्षणभर थांबवा आणि त्यावरचा पिवळा रंग नेमका कुणी लावलाय, ते बघा.