आकाशातील सुरक्षितता आणि जमिनीवरचे मरण



१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण प्राणास मुकले. असा अपघात घडला की विमानात कधीही पाऊल न ठेवलेला माणूसही ‘विमान नको रे बाबा’ म्हणतो. ही भीती स्वाभाविक आहे. परंतु हिशेब तिच्या बाजूने नाही.

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ साली जगभरात सुमारे ४ कोटी ६ लाख उड्डाणे झाली. त्यांपैकी ७ प्राणघातक ठरली आणि विमानांतील २४४ माणसे मृत्युमुखी पडली. याउलट २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज ४६० हून अधिक! अहमदाबादेत एका दिवशी जेवढे बळी गेले, त्याहून अधिक माणसे या देशाच्या रस्त्यांवर रोज मरतात; आणि त्यासाठी कोणताही ध्वज अर्ध्यावर उतरत नाही.

बुलढाणा जिल्ह्याला हे आकडे सांगावे लागू नयेत. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली. बस दाराच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडण्याची वाटच बंद झाली. ३३ पैकी २५ जण जळून मेले. काच फोडता आली ते वाचले. बहुतेक मृतांवर बुलढाण्यातच सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्याच महिन्यात, २९ जुलैला, मलकापूरजवळ दोन खासगी बसगाड्यांच्या धडकेत आणखी ६ जण गेले.

मग आकाश अधिक दयाळू आहे काय? मुळीच नाही. निम्मी दारे बंद असतानाही सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध केल्यावाचून मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. वैमानिकाच्या कामाचे व विश्रांतीचे तास बांधलेले असतात. प्रत्येक अपघाताची चौकशी दोषी शोधण्यासाठी नव्हे, तर पुढचा अपघात टाळण्यासाठी व्हावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

शेजारच्या औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, उदाहरण घ्या. २६ एप्रिल १९९३ रोजी तेथून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर आदळले. ११८ पैकी ५५ जण ठार झाले. चौकशीत वैमानिकांच्या चुका नोंदल्या गेल्या. पण उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखली नाही, हा विमानतळ यंत्रणेचा दोषही नोंदला गेला. पिंपळखुट्यात मात्र टायर फुटला की नाही, यावर वाद झाला. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन खात्याच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. चालकाला अटक झाली. उलटलेल्या बसमधून बाहेर पडायचे कसे, हा प्रश्न मात्र मागे पडला.

बसचालकासाठी कायदा नाही असेही नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने २०२५ पर्यंत त्याचे काम दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांपुरते मर्यादित केले होते. पण रात्रभर गाडी हाकणाऱ्याचे तास मोजतो कोण?

आकाशातील शिस्तही कायमची मिळालेली नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पुरते लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि शासनाने नियमांतच तात्पुरती सूट दिली. नफा आणि विश्रांती यांचा झगडा वरही आहे, खालीही आहे.

म्हणून मागणी साधी आहे. खासगी बसचालकांच्या तासांची नोंद तपासा. संकटकाळी उघडणारी दारे प्रत्यक्ष उघडून पाहा. प्रत्येक मोठ्या रस्ते अपघाताची स्वतंत्र चौकशी करून अहवाल लोकांपुढे ठेवा. विमानाच्या तिकिटाबरोबर मिळणारी प्राणांची किंमत बसच्या तिकिटालाही मिळालीच पाहिजे. पिंपळखुट्याच्या २५ जणांचे एवढे देणे अजून फिटायचे आहे.