नागीण आणि लपविलेली वानगी
(बेसा येथे देणगीदार व रुग्णांचे आप्त यांच्यासमोर केलेले भाषण)



नागीण झालेले वृद्ध आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा आठवडा उलटून गेलेला असतो. अंगावर गेरूचा लेप असतो आणि घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले तर? ही भीती निराधार आहे. हा विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो, म्हणून पुरळ सहसा शरीराच्या एकाच बाजूला राहते.

लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू तो हाच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभर दडून राहतो. आमची प्रतिकारशक्ती त्याला हुसकावून का लावत नाही?

कळमन्याच्या धान्यबाजारात मूठभर वानगीवरून पोत्यातील मालाची पारख होते. शरीरातही तसेच घडते. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते, ‘टॅप’ नावाच्या वाहिनीतून ते नेते आणि ‘एमएचसी’ या प्रथिनाच्या ओंजळीत ठेवून पृष्ठभागावर मांडते. टी-पेशी ही वानगी तपासतात. परकी दिसली की त्या पेशीचा नाश करतात. हे तत्त्व उलगडणाऱ्या डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हर्पीस कुळातील विषाणू नेमकी ही वानगीच दडवतात. ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूचे ‘आयसीपी-४७’ हे अवघ्या ८८ दुव्यांचे प्रथिन टॅपच्या वाहिनीत बूच बसवते. सायटोमेगॅलो विषाणूची ‘यूएस-२’ आणि ‘यूएस-११’ ही प्रथिने नवी एमएचसी मोडीत काढावयास लावतात. कांजिण्यांचा विषाणू तिला पेशीच्या आतच अडवून धरतो. मांडणी रिकामी पाहून संशय घेणाऱ्या वेगळ्या मारक पेशीही शरीराजवळ आहेत; पण सायटोमेगॅलो त्यांच्यासाठी बनावट एमएचसी मांडतो! या लबाडीचे कौतुक करावे की संताप, हे आम्हांला अजून ठरविता आलेले नाही.

तरीही विषाणूला पूर्ण यश येत नाही. टी-पेशी त्याला वर्षानुवर्षे दबावाखाली ठेवतात. उतारवयात, मधुमेहात किंवा कर्करोगाच्या उपचारांत हा दाब ढिला पडला की नागीण उठते. यात रुग्णाचा दोष नाही, कोणाचा कोपही नाही.

असायक्लोव्हिरसारखे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा लाभ सर्वाधिक. गेरूत नेमके हेच तास जातात. मागे उरणारी आग कित्येकांना महिनोन्‌महिने झोपू देत नाही.

२०२३ पासून भारतात पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी दोन मात्रांची नवी लस मिळते. तीत जिवंत विषाणू नसून त्याचे एकच प्रथिन आहे. म्हणजे वानगी पोहोचते, पण ती दडविणारा सोबत नसतो. लस महाग आहे, आणि सर्वाधिक गरज असलेल्या आमच्या वृद्ध रुग्णांपैकी पुष्कळांना ती परवडत नाही.