‘क्वाइस्तिओ’ : एका लॅटिन शब्दाचा प्रवास

लॅटिन भाषेंत प्रश्नाला ‘क्वाइस्तिओ’ म्हणतात. इंग्रजी ‘क्वेश्चन’ हा त्याचाच वंशज. ‘क्वाइरेरे’ म्हणजे शोधणें, विचारणें; त्या क्रियापदाला ‘तिओ’ हा प्रत्यय लागून हें नाम सिद्ध होतें. संस्कृतज्ञांना येथें दोन ओळखीच्या खुणा भेटतील. प्रत्ययाचा पूर्वार्ध हा ‘गति’, ‘मति’ यांतील ‘ति’चा सहोदर असून दोहींकडे नाम स्त्रीलिंगीच होतें. शिवाय षष्ठींत ‘क्वाइस्तिओनिस्’ असा नकार प्रकट होतो व प्रथमेंत लोपतो; ‘राजन्’चा ‘राजा’ होतो, तसाच हा प्रकार.

व्याकरण सोपें आहे. अर्थाची वाट मात्र बिकट. इ. स. पूर्व १४९ मध्यें, प्रांताधिकाऱ्यांनीं प्रजेकडून उकळलेल्या द्रव्याची चौकशी करण्यासाठीं रोममध्यें जें कायमचें न्यायासन स्थापन झालें, त्यालाहि ‘क्वाइस्तिओ’च म्हणत. येथवर शब्दाची अब्रू शाबूत होती. परंतु गुलामाची साक्ष सामान्यतः छळ करूनच घ्यावी, असा रोमन न्यायाचा परिपाठ. त्यामुळें विचारणें आणि यातना देणें या दोहोंना एकच शब्द पुरूं लागला. ‘दे सेर्वो इन् दोमिनुम्’ या शब्दप्रयोगांत विभक्तींचा कारभार पाहण्यासारखा आहे: छळ पंचमींतल्या गुलामाचा, आरोप द्वितीयेंतल्या धन्यावर. अशी चौकशी कायदा, राजद्रोहासारखे अपवाद वगळतां, मना करी. कीव कोणाची, तें उघडच आहे!

उल्पिअन हा विधिज्ञ ‘क्वाइस्तिओ’ म्हणजे सत्य उकरून काढण्यासाठीं देहाला दिलेली यातना, अशी बेधडक व्याख्या करतो. तोच अन्यत्र बजावतो कीं, हें साधन नाजुक व घातक आहे. निबर मनुष्य वेदना गिळून गप्प राहतो, दुबळा वाटेल तें खोटें बोलतो. हीं दोन्ही वचनें इ. स. ५३३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जस्टिनिअनच्या एकाच विधिसंग्रहांत सुखानें नांदतात.

तेराव्या शतकांत थॉमस अक्विनस यानें आपल्या धर्मशास्त्रीय महाग्रंथाचीं प्रकरणें याच नांवानें रचलीं. त्यांत आधीं विरुद्ध मत, मग स्वमत. आपल्या पूर्वपक्ष-सिद्धांताची आठवण व्हावी अशी रीत. फ्रान्समध्यें मात्र हाच शब्द न्यायालयीन छळाचें नांव होऊन बसला होता. कबुली काढण्यासाठीं होणारा छळ तेथें १७८० मध्यें राजाज्ञेनें बंद झाला.

गोमंतकीयांना या शब्दाचें ‘इन्’ उपसर्ग लागलेलें भावंड अधिक परिचित असेल: ‘इन्क्विसितिओ’. त्या नांवाचें धर्मन्यायालय गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं कांहीं वर्षें वगळतां, चाललें. लॅटिन कोशांत त्याचा पहिला अर्थ ‘शोध’ असाच दिलेला आढळतो.