न दिसणाऱ्या दुकानदाराची पत



विक्रेता दिसत नाही, माल हाताळून पाहता येत नाही, आणि तरीही गिऱ्हाइकाने बहुधा रक्कम आधी भरावी अशी ज्या व्यवहाराची मांडणी आहे, त्या ऑनलाइन दुकानदारीत विश्वास कशाच्या बळावर उभा राहतो, या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे. दुकानाचे पान देखणे असावे, समाधानी ग्राहकांचे अभिप्राय ठळक अक्षरांत छापावेत, असे उपाय या बाबतीत नेहमी सुचविले जातात. ते निरुपयोगी आहेत असे नव्हे, परंतु प्रश्नाच्या गाभ्याला ते स्पर्श करीत नाहीत. माझ्या मते विश्वासाचा प्रश्न हा मुळात जोखमीच्या वाटणीचा प्रश्न आहे, आणि मालाविषयी ज्याला अधिक ठाऊक आहे त्याने जोखमीचा मोठा वाटा स्वतःच्या शिरावर घेतला, तरच अनोळखी माणूस त्याच्याशी व्यवहार करण्यास धजावतो.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला असे मानण्याचे कारण नाही. आपल्या टपालखात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्टाची योजना अमलात आणली, आणि पुढे कित्येक दशके पुण्यामुंबईच्या प्रकाशकांचे ग्रंथ व वैद्यांची औषधे खेडोपाडी ‘व्ही. पी.’नेच पोचत राहिली. पोस्टमनच्या हाती रक्कम पडल्यावाचून पार्सल मिळत नसे, आणि पार्सल गिऱ्हाइकाने सोडवून घेतल्यावाचून विक्रेत्याला छदामही मिळत नसे. परस्परांना न ओळखणाऱ्या दोन पक्षांच्या मध्ये सरकारचे एक खाते जणू जामीन म्हणून उभे राहिले. मात्र हा जामीन माल पोचण्यापुरताच होता. पार्सल उघडून पाहण्यापूर्वीच पैसे मोजावे लागत असल्यामुळे आतील जिन्नस कसा निघेल ही धास्ती गिऱ्हाइकाच्याच वाट्याला राहिली, आणि व्ही. पी. न सोडविता परत आली म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च दुकानदाराच्या माथी बसे. फ्लिपकार्टने २०१० साली माल घरी पोचल्यावर रोख घेण्याची सोय केली तेव्हा याच जुन्या तोडग्याचे पुनरुज्जीवन झाले. चीनमध्ये अलीपेने २००३ पासून एक पाऊल पुढे टाकले होते: गिऱ्हाइकाची रक्कम त्रयस्थाकडे अमानत राहावी, आणि माल मिळाल्याची कबुली त्याने दिल्यावरच ती विक्रेत्याच्या खाती वर्ग व्हावी.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, चांगला माल आणि वाईट माल यांतील भेद विक्रेत्यालाच कळतो आणि गिऱ्हाइकाला कळत नाही अशा बाजारात गिऱ्हाईक सरासरीचाच भाव देऊ करते, त्या भावात उत्तम माल विकणे परवडत नाही, आणि सचोटीचा व्यापारीच प्रथम बाहेर पडतो. यावरील उपायांत त्याने हमीचा निर्देश केला, कारण हमीमुळे जोखीम गिऱ्हाइकाकडून विक्रेत्याकडे जाते.

आपल्याकडे या सिद्धांताची कसोटी पाहावयाची असेल तर हापूस आंब्याकडे पाहावे. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परप्रांतातील फळ देवगडच्या नावाने खपविले जाऊ नये म्हणून तेथील उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर सांकेतिक क्रमांकाची मोहर चिकटविण्यासही आरंभ केला आहे. याने फळाच्या मूळ गावाची रुजुवात होते, आणि ती आवश्यकच आहे. पण साक्याचे काय? वरून निर्दोष दिसणारे, सुगंधाने घर भरून टाकणारे फळ कापल्यावर आत पांढुरके आणि आंबट निघते, आणि हा दोष बाहेरून बागायतदारालाही ओळखता येत नाही. येथे कोणी कोणाला फसविलेले नसते. तथापि साका धरण्याचा संभव किती, हे वर्षानुवर्षे बाग सांभाळणाऱ्याला पुष्कळ अंशी ठाऊक असते, आणि दूरच्या शहरात पहिल्यांदाच पेटी मागविणाऱ्या कुटुंबाला त्याची कल्पनाही नसते. म्हणून तो संभव विक्रीपूर्वीच स्पष्ट लिहावा, कापलेल्या फळाचे छायाचित्र येताच हुज्जत न घालता त्या फळाची किंमत परत करावी, आणि हा खर्च आरंभीच भावात धरावा. भाव थोडा चढेल, चढू द्यावा. दोष लपवून राखलेल्या स्वस्ताईपेक्षा उघडपणे सांगितलेला चढा भाव गिऱ्हाइकाचा अधिक सन्मान करतो, असे मी मनापासून मानतो.

कायद्यानेही यातील काही भाग आता बंधनकारक केला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्याच्या मुदतीत करावे लागते, आणि सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, ‘शेवटचेच दोन नग उरले’ असा खोटा धाक घालणे, किंवा रक्कम भरण्याच्या अखेरच्या क्षणी नवे आकार पुढे करणे, अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई केली. या शेवटच्या प्रकाराविषयी मला विशेष चीड आहे. वेळ खर्चून, पत्ता लिहून, मन तयार करून बसलेल्या माणसाच्या त्या थकव्याचाच त्यात फायदा घेतला जातो, आणि असे वागविले गेलेले गिऱ्हाईक पुढच्या, निरपराध दुकानदाराकडेही संशयानेच पाहते.

राहता राहिले अभिप्राय. आप्तेष्टांकडून लिहवून घेतलेल्या स्तुतीला किंमत नाही, हे वाचणारा जाणतोच. प्रतिकूल अभिप्राय पुसून टाकणाऱ्या दुकानदाराला मात्र हे उमगत नाही की, ज्या पानावर एकही तक्रार नाही त्या पानावरून नव्या माणसाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे माल बिघडल्यावर हा गृहस्थ कसा वागतो, हीच कळण्याची सोय उरत नाही. साक्याची तक्रार, तिची तारीख, आणि रक्कम परत केल्याची तारीख या तिन्ही गोष्टी जेथे एकाखाली एक वाचावयास मिळतात, तेथे पहिली पेटी मागविणाऱ्याला दुकानदाराचा चेहरा पाहण्याची गरज उरत नाही.