भेटीचा हक्क कोणाचा?

शनिवारची संध्याकाळ. पुण्याच्या एका उपनगरांतील इमारतीखालीं एक गृहस्थ उभे आहेत. हातांत रंगीत खडूंची पेटी आहे. पतिपत्नी विभक्त राहूं लागल्यावर न्यायालयानें असें ठरवून दिलें होतें कीं, एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारीं, चार ते सात या वेळांत, त्यांनीं आपल्या सात वर्षांच्या मुलीला फिरावयास न्यावें. आज ते वर जाऊन पाहतात तों दाराला कुलूप. रखवालदार सांगतो, "साहेब, ते लोक तर एक तारखेलाच सामान घेऊन गेले. कुठें, तें कांहीं बोलले नाहींत." फोन लावावा तर बंद. सोमवारीं शाळेंत चौकशी करावी तर कळतें कीं, मुलीचा दाखला काढून नेला आहे. कोणत्या शाळेकरितां, हें सांगण्यास तेथील कचेरी तयार नाहीं.

हे गृहस्थ त्याच आठवड्यांत माझ्याकडे आले. कौटुंबिक दाव्यांचें काम करण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं आहेत. त्यामुळें ही हकीकत मला नवी नव्हती. पात्रें बदलतात, एवढेंच. कधीं मुलाला घेऊन आई दिसेनाशी होते, कधीं बाप. आणि मागें राहिलेल्याची अवस्था दोन्ही वेळां सारखीच असते. पत्ता नाहीं, आवाज नाहीं, आणि हातीं न्यायालयाचा शिक्का असलेला एक कागद. त्या कागदाचें पुढें काय करावयाचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अशा वेळीं मनुष्याच्या मनांत चार गोष्टी प्रथम येतात, आणि दुर्दैवानें चारही चुकीच्या असतात. पहिली म्हणजे मुलीचें छायाचित्र मोबाइलवरून शेंकडों लोकांकडे धाडून "कोणी पाहिली का?" असें विचारणें. त्यामुळें मूल सांपडो वा न सांपडो, घरची फाटाफूट मात्र गांवभर होते, आणि तें छायाचित्र पुढें कोणाच्या हातीं जाईल याचा नेम राहत नाहीं. दुसरी, बायकोच्या माहेरीं जाऊन दारांत आरडाओरडा करणें; त्याची तक्रार होते आणि पुढें तीच आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचली जाते. तिसरी, "भेट नाहीं तर पैसा नाहीं" असें म्हणून पोटगी बंद करणें. पोटगी हा मुलाच्या पोटाचा प्रश्न आहे. भेटीचा हुकूम मोडला गेला म्हणून पोटगीचा हुकूम मोडण्याची मुभा कोणालाहि मिळत नाहीं. आणि चौथी, पत्ता लागतांच मुलाला शाळेच्या फाटकावरून उचलून आणणें. आज तिनें पळविलें, उद्यां मीं पळविलें, अशा या खेळांत मुलाला मात्र कोणतेंच घर आपलें वाटेनासें होतें.

या चारही गोष्टी मीं त्या गृहस्थांस सांगितल्या, आणि मग एक अप्रिय प्रश्न विचारला. "त्या कां गेल्या असाव्यात?" ते रागावले. परंतु हा प्रश्न टाळून चालत नाहीं. कोणी सूडानें जातें, कोणी नोकरीकरितां जातें आणि कळविण्याचें टाळतें. आणि कोणी खरोखरच मारहाणीच्या भीतीनें जातें. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणाऱ्या कायद्यानें दंडाधिकाऱ्यास मुलाचा तात्पुरता ताबा देण्याचा अधिकार दिला आहे. तसेंच भेटीमुळें मुलाचें अहित होईल असें दिसल्यास भेट नाकारण्याचाहि दिला आहे. म्हणूनच मी नेहमीं सांगतों कीं, शोध करावयाचा तो न्यायालयाच्या मार्फत करावा. न्यायालय पत्ता मिळवूं शकतें, आणि गरज पडल्यास तो स्वतःपाशींच ठेवून भेट तिसऱ्या ठिकाणीं घडवूं शकतें. खाजगी हेर पत्ता आणून देतो. परंतु त्या पत्त्यावर कोण कोणत्या मनःस्थितींत जाऊन पोंचेल, याची जबाबदारी तो घेत नाहीं. ज्याच्या मनांत खोट नाहीं, त्याचें या वाटेनें कांहींच नुकसान होत नाहीं.

आतां ही वाट कशी आहे तें पाहूं. पुष्कळ लोक प्रथम पोलिसांकडे धांव घेतात. माणूस बेपत्ता असल्याची नोंद तेथें अवश्य करावी. आईमूल सुखरूप आहेत एवढें कळलें तरी जिवाला बरें वाटतें. परंतु न्यायालयाची मनाई नसतांना जन्मदात्यानें स्वतःचें मूल नेलें, तर त्यास सामान्यतः अपहरण म्हणत नाहींत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२३ मध्यें एका पित्यासंबंधीं असाच निर्णय दिला. तेव्हां "पोलीस कांहीं करीत नाहींत" म्हणून हताश होण्याचें कारण नाहीं. तें काम मुळांत दुसऱ्या दाराचें आहे.

दुसरें दार उच्च न्यायालयाचें. मुलाला हजर करण्याची आज्ञा मागणारा अर्ज, ज्याला आपण हेबियस कॉर्पस म्हणतों, तेथें करतां येतो. परंतु मूल ज्याच्याकडे आहे त्याला तें ठेवण्याचा कायदेशीर हक्कच नसेल, अशा प्रसंगीं हें शस्त्र उपयोगीं पडतें. २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशाच एका खटल्यांत, आईच्या निधनानंतर मावश्यांकडे राहिलेलें मूल बापाच्या ताब्यांत दिलें. मात्र ज्या नातलगांनीं त्याला वाढविलें त्यांची भेटहि तोडली नाहीं. आई आणि बाप यांच्यामधील नेहमींच्या तंट्यास हा मार्ग बहुधा लागू पडत नाहीं.

म्हणून तिसरें दार. कुटुंब न्यायालय, आणि त्याच्या हातांतील १८९० सालचा पालक आणि पाल्य कायदा. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांस लागू आहे. मूल सामान्यतः जेथें राहतें तेथील न्यायालयांत अर्ज करावा लागतो. फसवून किंवा बळानें नेलेली जागा ही मुलाची राहण्याची जागा होत नाहीं, असें न्यायालयांनीं अनेकदां म्हटलें आहे. तरीहि अर्ज जितका लौकर तितका बरा, कारण महिने लोटले कीं नवें गांव हेंच मुलाचें गांव होऊन बसतें. ज्या न्यायालयानें भेटीचा हुकूम दिला, तेथें आधीं जावें हें उघडच आहे.

आणि पत्ता? जुन्या शाळेनें बापाला पत्ता सांगितला नसेल. परंतु न्यायालयाचें समन्स आल्यावर तिला आपली नोंदवही दाखवावी लागते. शिकणारें मूल फार काळ लपत नाहीं, कारण कुठल्या ना कुठल्या शाळेंत त्याचें नांव असतेंच. नातलग, नोकरीची कचेरी, बँक, यांच्याकडून माहिती मागवावी अशी विनंती न्यायालयास करतां येते. इतकें करूनहि समन्स बजावलें जात नसेल, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें शेवटच्या ज्ञात पत्त्यावर तें चिकटवितां येतें, किंवा त्या भागांत वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध करतां येतें. मुलाला परदेशीं नेण्याची धास्ती असेल, तर पारपत्राबाबतचा हुकूम त्याच दिवशीं मागावा. पळविलेल्या मुलांस परत पाठविण्यासंबंधीं १९८० मध्यें हेग येथें झालेल्या करारांत आपला देश सामील झालेला नाहीं. त्यामुळें सीमा ओलांडल्यावर काम फार लांबतें.

श्रोतेहो, पत्ता लागला म्हणजे सर्व झालें असें मात्र नाहीं. हुकूम मानलाच नाहीं तर काय? १८९० च्या कायद्यांत याचें एक उत्तर आहे, आणि तें ऐकून हंसूं येतें. मुलास हजर करण्याची आज्ञा मोडणारास शंभर रुपयांपर्यंत दंड, तरीहि हट्ट धरल्यास दररोज दहा रुपये, आणि एकूण पांचशेंच्या वर नाहीं! त्या काळीं ही रक्कम मोठी असेल. आज ती एका वेळच्या रिक्षाभाड्याइतकी आहे. परंतु त्याच कलमाच्या पुढील ओळींत, मूल हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी तुरुंगांत ठेवण्याचा अधिकारहि आहे, आणि तो अजून जुना झालेला नाहीं. याखेरीज अंतिम हुकुमाच्या बजावणीची दरखास्त करून मालमत्तेची जप्ती मागतां येते. आणि बुद्धिपुरस्सर हुकूम मोडल्याबद्दल १९७१ च्या कायद्याखालीं न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊं शकते, तिची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आहे. मात्र ही तक्रार एका वर्षाच्या आंत करावी लागते.

इतकीं हत्यारें सांगितलीं, तरी तीं पाजळण्याची घाई करूं नका असेंच मी म्हणेन. मुलाच्या आईला तुरुंगांत पाठवून मुलाच्या मनांत स्थान मिळविलेला बाप माझ्या पाहण्यांत नाहीं. बापाला पाठवून तें मिळविणारी आईहि नाहीं. न्यायाधीशांना हें ठाऊक असतें. म्हणून ते आधीं बुडालेल्या भेटी भरून देतात, भेटीची जागा बदलतात, समुपदेशकाला मध्यें घालतात. आणि तरीहि अडवणूक चालूच राहिली तर ताब्याचाच फेरविचार करतात.

खरा उपाय याच्याहि आधीं करावयाचा असतो, तो हुकूम लिहून घेतांना. "बापानें मुलास वेळोवेळीं भेटावें" अशा मोघम हुकुमाची बजावणी देवालाहि करतां यावयाची नाहीं. वार कोणता, वाजतां किती, जागा कोणती, मुलाला आणणार कोण, मूल आजारी पडल्यास बदली दिवस कोणता, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वांटावयाची, हें सारें कागदावर यावें. सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें म्हटलें आहे कीं, मुलाला आईबाप दोघांच्याहि मायेचा हक्क आहे, आणि ज्याच्याजवळ मूल राहत नाहीं त्याला दररोज पांचदहा मिनिटें तरी त्याच्याशीं बोलतां यावें. तेव्हां फोनची वेळहि लिहून घ्यावी. आणि एक वाक्य न विसरतां घालावें: घर किंवा शाळा बदलण्यापूर्वीं इतके दिवस आधीं दुसऱ्यास लेखी कळवावें. हें एक वाक्य असतें, तर आमच्या गृहस्थांना त्या कुलपापुढें उभें राहावें लागलें नसतें. वकिलाच्या खर्चानें कोणी अडत असेल, तर १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालतां सरकारी खर्चानें वकील मिळतो, हेंहि लक्षांत ठेवावें.

आमच्या गृहस्थांचें पुढें काय झालें, हें आपण विचाराल. जुन्या शाळेच्या नोंदवहींतून नवी शाळा कळली. ती नाशिकची निघाली. मुलीच्या आईला तेथें नोकरी मिळाली होती, आणि "कळविलें तर हे अडवतील" या भीतीनें तिनें कळविलें नव्हतें. भीति अगदींच निराधार होती असेंहि मला म्हणवत नाहीं. समन्स गेलें, दोघें समुपदेशकापुढें बसलीं, आणि महिन्यांतील दोन शनिवार नाशिकला, असें ठरलें.

पहिली भेट न्यायालयाच्याच एका खोलींत झाली. मी दारापाशीं उभा होतों. गृहस्थांनीं तीच खडूंची पेटी आणली होती. चार महिन्यांत त्यांनीं तारखा, अर्ज, हुकूम यांचा ढीग उपसला होता. मनांत त्या सर्वांची हकीकत तयार होती. मुलगी आली, थोडी दूरच उभी राहिली, आणि म्हणाली, "बाबा, तूं इतके दिवस कुठें होतास?"

श्रोतेहो, त्या प्रश्नानें माझ्याहि पुष्कळ वर्षांच्या वकिलीचा हिशेब बदलला. आम्ही सर्वजण हरवलेल्या आईला शोधीत होतों. मुलीच्या लेखीं हरवला होता तो बाप. "तुझ्या आईनें मला भेटूं दिलें नाहीं" हें उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलें मला दिसलें. तें त्यांनीं गिळलें. "मला तुमची नवी शाळा सांपडत नव्हती," ते म्हणाले, "आतां सांपडली." मग दोघें खालीं बसलीं आणि खडूंची पेटी उघडली.

भेटीचा हक्क बापाचा नाहीं, आईचाहि नाहीं. तो त्या लहान जिवाचा आहे. आपण वडील माणसें त्याच्या वतीनें न्यायालयांत जातों, इतकेंच. हें ध्यानांत ठेवून जो दार ठोठावतो, त्याचा आवाज आपोआपच हळू होतो. आणि मला वाटतें, तो आंत लौकर ऐकूं येतो.